नऊ इंचांच्या आत

माझ्या पर्समध्ये चाकू नसतो. ऑफिसातल्या बायका दुपारी डबा खाताना काकडी नाहीतर पेरू बाहेर काढतात आणि माझ्याकडे बघतात, कारण माझ्या पर्समधून सुईदोऱ्यापासून डोकेदुखीच्या बामापर्यंत काहीही निघतं. चाकू निघत नाही. एकदा एकीने मोठ्या प्रेमाने लाल मुठीचा, घडीचा चाकू आणून दिला, तो मी उभ्या उभ्या परत केला. ती महिनाभर रुसली होती. मोसंबी मी अंगठ्याच्या नखाने सोलते आणि सोलताना दर वेळी मला राग येतो. कोणाकोणाचा येतो ते सांगायलाच बसले आहे, पण त्यातला बराचसा माझा स्वतःचाच आहे, हे आधीच सांगून ठेवते.

वडलांना आम्ही बा म्हणायचो. बा मोसंबीचे डोळे बांधायचा. आमचं गाव घनसावंगीच्या बाजूला, आणि त्या काळात तिकडे ज्याच्या विहिरीला पाणी तो मोसंबी लावायचा. मोसंबीचं झाड कोणी बी टाकून करत नाही. आधी जंबेरी लिंबाचं रोप वाढवायचं. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला एक उभी आणि एक आडवी चीर द्यायची, साल अलगद उचलायची, आणि चांगल्या मोसंबीच्या काडीवरून काढलेला एक डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा, त्या सालीखाली सरकवायचा. वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. हे सगळं चीर वाळायच्या आत झालं पाहिजे. बा बोलता बोलता करायचा. त्याच्या हाताकडे बघत राहिलं तरी डोळा कधी आत गेला ते कळायचं नाही.

आमची स्वतःची जमीन नव्हती. बाने हजारो झाडं उभी केली, पण त्यातलं एकही आमचं नव्हतं. एरवी आम्हाला ओट्याखाली उभं करणारे बागायतदार डोळे बांधायच्या दिवसांत मात्र सकाळीच मोटारसायकल घेऊन आमच्या वस्तीत यायचे. माय चुलीपुढून म्हणायची, "उठा, वऱ्हाड आलं तुम्हाला न्यायला." बा हसायचा, सदऱ्याच्या खिशावर हात ठेवून चाकू आहे का बघायचा आणि मागे बसून जायचा.

तो चाकू घडीचा होता. पातं तीन इंचांचं, आणि मुठीच्या मागच्या टोकाला पितळेची चपटी जीभ, साल उचलायला. बा तरुण असताना सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर होता, तिथल्या म्हाताऱ्या माळ्याने नोकरी सोडताना तो त्याला दिला होता. पातं दगडावर घासून घासून इतकं पातळ झालं होतं की उन्हात धरलं तर धार दिसायची नाही. चाकूला बा आम्हाला हात लावू द्यायचा नाही. मायला कांदा चिरायलासुद्धा कधी दिला नाही. त्यावरून तिचं टोमणे मारणं बारा महिने चालू असायचं.

घरात भिंतीवर दोन फोटो होते. एक बुद्धाचा आणि एक निळ्या कोटातला, हातात पुस्तक धरलेला. बाला अक्षरओळख नव्हती, पण त्या हातातलं पुस्तक कसलं आहे ते त्याला पक्कं माहीत होतं. "कायदा हाय त्यो," म्हणायचा. "आपल्या मानसानं लिव्हला. त्याच्यात आपल्याला धोका न्हाई." मी बी.ए. झाले, टायपिंगची परीक्षा पास झाले आणि तालुक्याच्या गावी एका वकिलांकडे टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा बाला पोरगी कलेक्टर झाल्याइतका आनंद झाला. वस्तीत कोणाचं काही अडलं की तो म्हणायचा, "थांबा, पोरगी आल्यावर इच्यारू. ती कायद्याच्या घरात बसती." मी टेबलाशी बसून दुसऱ्यांचे अर्ज बडवत असे. पण मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. त्या वर्षांत आमच्याकडे वातावरण सारखं तंग असायचं. आज या गावात झेंड्यावरून, उद्या त्या गावात मिरवणुकीवरून. बाजाराच्या दिवशी स्टँडवर पोलिसांची गाडी उभी असायची. अशाच एका बाजारी एका हवालदाराने बाच्या खिशाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "हे घेऊन हिंडू नको, आत जाशील." बा घाबरला. घरी न जाता तडक माझ्याकडे, वकीलसाहेबांच्या ऑफिसात आला. पायऱ्यांखाली चपला काढून उभा राहिला.

"बाई," म्हणाला, "तू हितं कायद्यातच बसून राह्यली. बघ बरं एकडाव. ह्यो चाकू खिशात ठिवावा का न्हाई?"

वकीलसाहेब जेवायला घरी गेले होते. तासाभरात आले असते. माणूस भला होता, माझ्याशी मुलीसारखं वागायचा, विचारलं असतं तर दोन मिनिटांत सगळं सांगितलं असतं. पण बा माझ्याकडे आला होता. मी कपाट उघडलं, शस्त्र कायद्याचं जाड पुस्तक काढलं आणि बाच्या देखत शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला बसले. इंग्रजी मला जेमतेम यायचं. तरी मी ते शोधून काढलं. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं असेल तर परवाना लागतो. शेतीच्या आणि घरगुती कामाच्या चाकूंना त्यातही सूट. मी टेबलावरची पट्टी घेतली, चाकू उघडायला लावला आणि पातं मोजलं. तीन इंचांना एक रेघ कमी.

"बा, बिनधास्त ठेव," मी म्हणाले. "कोणी काही करू शकत नाही."

"बराबर बघितलं का?"

"बरोबर बघितलं."

तो जायला निघाला आणि दारात घुटमळला. "मला काय सांगता यायचं न्हाई त्यांना. तू कागदावर लिहून दे की."

मी रेघांच्या कागदावर माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहून दिलं. हा चाकू मोसंबीचे डोळे बांधण्याच्या शेतीकामाचा आहे. पात्याची लांबी तीन इंच आहे. नऊ इंचांच्या आतील चाकूस कायद्याने परवाना लागत नाही. खाली सही केली आणि सहीपुढे बी.ए. लिहिलं. बाने कागदाची घडी केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि चाकूशेजारी खिशात ठेवली. घरी गेल्यावर मायकडून तो मजकूर वाचून घेऊन त्याने पाठ केला. माय चौथीपर्यंत शिकली होती. पुढे कितीतरी दिवस मला बघितलं की ती "नऊ इंचांच्या आतील" असं म्हणून चिडवायची.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि डोळे बांधायचे दिवस सुरू झाले. बाला तालुक्याच्या पलीकडच्या एका बागेत बोलावणं होतं. चांगल्या झाडाच्या काड्या काढून, ओल्या गोणपाटात गुंडाळून तो सकाळच्या जीपने निघाला. त्या काड्या फार टिकत नाहीत, त्यामुळे त्याला घाई होती. तालुक्याच्या स्टँडवर उतरला तर तिथे पोलिसच पोलिस. आदल्या दिवशी तिथे दोन गटांत दगडफेक झाली होती, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. मी त्या दिवशी सुट्टी घेऊन गावीच होते, मायला ताप होता म्हणून. पुढचं सगळं बाने मला सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितलं की मी तिथे उभी होते असंच मला वाटतं.

हवालदार म्हणाला, "बोचक्यात काय?"

"काड्या हायेत साहेब. मोसंबीच्या."

"खिशात?"

आता बाने घाबरायला हवं होतं. हात जोडायला हवे होते, गयावया करायला हवी होती. तिथे त्या दिवशी आणखी चार-पाच जणांकडे काहीबाही सापडलं होतं, त्यांना दोन कानफटात बसल्या आणि सोडून दिलं. बा घाबरला नाही. त्याने आधी चाकू काढला आणि मग, हवालदाराने मागितलेला नसताना, प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढला.

"हे वाचा साहेब," म्हणाला. "नऊ इंचाच्या आत हाय. बिलकुल कायद्यात बसतंय. माझ्या पोरीनं बघितलंय, वकिलाकडं असती."

हवालदाराने कागद वाचला. आजूबाजूला माणसं उभी होती आणि एक-दोघं हसली. बाला ते हसू आपल्या बाजूचं वाटलं.

"मला कायदा शिकवून राह्यला का?" हवालदार म्हणाला आणि बाला गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी जामीन करून बाला सोडवून आणलं. पैसे घेतले नाहीत. बाहेर आल्यावर बाने पहिल्यांदा काड्यांचं बोचकं मागितलं. ते ठाण्याच्या ओसरीत उन्हात पडलं होतं, गोणपाट कोरडं ठणठणीत, काड्या वाळून गेलेल्या. त्याने एक काडी मोडून बघितली आणि सगळं तिथेच ठेवून दिलं. ज्या बागेत जायचं होतं, त्यांनी तोवर दुसरा माणूस लावला होता.

फिर्यादीची नक्कल मी स्वतः टाइप केली. तिच्यात लिहिलं होतं की सदर इसमाच्या अंगझडतीत एक रामपुरी बनावटीचा धारदार चाकू व स्वतःच्या बचावाकरिता आगाऊ लिहून ठेवलेली एक चिठ्ठी मिळून आली. आगाऊ या शब्दापाशी माझी बोटं थांबली. माझा कागद बाच्या बाजूने नव्हता, बाच्या विरोधातला पुरावा होता. ज्याच्या मनात काही नाही तो खिशात असा कागद घेऊन कशाला हिंडेल, असं कोणीही म्हणणार.

"पण नऊ इंचांच्या आत आहे ना, सर," मी वकीलसाहेबांना म्हणाले. माझा आवाज चढला होता. "शस्त्र कायद्यात गुन्हाच होत नाही."

ते उठले. मला घेऊन रस्ता ओलांडून तहसीलच्या आवारात गेले. तिथे नोटिसांचा फळा होता, जाळीचं दार लावलेला. लिलावाच्या नोटिसा, हरवलेल्या बैलाची नोटीस, एकावर एक चिकटवलेले कागद. त्यातला एक कागद त्यांनी बोटाने दाखवला. फिकट शाईचा, चक्रमुद्रित. मनाई हुकूम. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, सुरे, लाठ्या किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगण्यास मनाई. पंधरा दिवसांसाठी.

"यात इंच नाहीत," वकीलसाहेब म्हणाले. "तुझ्या वडलांना या हुकुमाखाली धरलंय. त्याचा कायदा वेगळा, तो पोलिसांचा कायदा. पंधरा दिवस संपले की नवा हुकूम निघतो. सण आला, निवडणूक आली, कुठे काही खुट्ट झालं की निघतो. म्हटलं तर अर्धं वर्ष चालूच असतो."

"मग लोकांना कसं कळणार?"

"इथे लावतात ना."

मी फळ्याकडे बघत राहिले. तो माझ्या रोजच्या वाटेवर होता. वर्षभर मी त्याच्यासमोरून डबा घेऊन गेले होते.

"मला विचारलं का नाहीस?" ते म्हणाले. रागावून नाही. त्याचं खरं उत्तर मी आजवर कोणाला दिलेलं नाही. बाच्या देखत मला कोणाला विचारायचं नव्हतं.

मग तारखा सुरू झाल्या. ज्यांच्यासमोर चाकू जप्त झाला ते दोन पंच कधी यायचे नाहीत. एकदा सरकारी वकील रजेवर, एकदा न्यायाधीशसाहेबांची बदली, एकदा फाईलच सापडेना. बा प्रत्येक तारखेला धुतलेलं धोतर आणि इस्त्रीची टोपी घालून यायचा आणि दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचा. सुटेल की नाही याची त्याला काही काळजी नव्हती. सुटणारच, कायदा आपला आहे, यावर तो अजून ठाम होता. त्याला काळजी एकच होती.

"चाकू बराबर असंल का तिथं?" तो विचारायचा. "गंज धरंल."

मुद्देमाल ठेवायच्या खोलीतल्या कारकुनाला तो दर वेळी भेटायचा. माय ब्लाउज शिवायची, तिच्या शिलाई मशीनचं तेल तो छोट्या बाटलीत घेऊन यायचा, सोबत फडक्याचा तुकडा. "साहेब, दोन थेंब लावा पात्याला. घडी उघडून लावा, न्हाईतर मधी गंजंल." कारकून पहिल्यांदा चिडला, मग हसायला लागला, मग सवयीने म्हणायला लागला, "लावतो बाबा, लावतो, बस तिकडे." बाटली तो कधी घ्यायचा नाही. जप्त केलेल्या वस्तूवर लाखेचं सील असतं, ती उघडता येत नाही, हे बाला कोणी सांगितलं नाही. मी सुद्धा नाही.

त्या वर्षांत बाने डोळे बांधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मी जालन्याहून नवा चाकू आणून दिला. त्याचं पातं जाड होतं. साल उचलायची ती फाटायची आणि डोळे आतल्या आत काळे पडायचे. बा तो महिनाभर दगडावर घासत बसला. पण खरी अडचण वेगळीच होती. चाकू खिशात घालून तो रस्त्याला लागू शकत नव्हता. वस्तीच्या बाहेर आला की परत फिरायचा आणि घरात ठेवून यायचा. बागायतदाराला म्हणायचा, तुमच्याकडंच एखादा ठिवा, मी मोकळ्या हातानं येतो. त्यांनी एकदा दाढीचं ब्लेड दिलं, एकदा भाजी चिरायची सुरी. त्यातून जी रोपं झाली ती निम्मीसुद्धा जगली नाहीत. मोटारसायकली यायच्या कमी झाल्या. मग पोलिस केस असलेला माणूस बागेत कशाला, असंही कोणी कोणी म्हणायला लागलं. मायने ओरडून सांगायचं सोडून दिलं की वऱ्हाड आलं. तीन मैलांवरच्या बागेत जायलाही तो सडक सोडून बांधाबांधाने जायचा.

आणि मी? मी टाइपरायटरच्या मागून खिडकीतून त्याला व्हरांड्यात बसलेला बघायचे. लग्नाचं बघणं चालू होतं. एका पाहुण्याने चौकशी केली की मुलीच्या वडलांवर हत्याराची केस आहे म्हणे. ते स्थळ परत आलं नाही. तारखेच्या दिवशी इतर वकिलांच्या कारकुनांसमोर बा मला "बाई" म्हणून हाक मारायचा आणि मी ऐकू न आल्यासारखं करायचे. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला बाची लाज वाटत होती.

पाचव्या वर्षी वकीलसाहेब म्हणाले, "दोन रस्ते आहेत. लढलो तर बहुतेक सुटतील, पण पंच कधी येतील देव जाणे. नाहीतर गुन्हा कबूल करू. वय झालंय, पहिलाच गुन्हा आहे, साहेबही दयाळू आहेत. दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा, त्याच दिवशी संपेल. वडलांशी बोल."

मी त्याच संध्याकाळी घरी जाऊन बाशी बोलले. बाने सगळं ऐकून घेतलं. भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाला, "पर गुन्हा केलाच न्हाई की मी."

"बा, नुसतं म्हणायचं असतं. एका दिवसात मोकळे होऊ. किती दिवस असं बसणार?"

"कबूल केल्यावर चाकू देतील ना?"

"देतील," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना एवढंच विचारायचं होतं. मुद्देमालाचं काय होतं? मी विचारलं नाही. पहिल्यांदा मी ऐटीपायी विचारलं नव्हतं. या वेळी उत्तर ऐकायचं नव्हतं म्हणून विचारलं नाही.

नंतर बा जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्याच्या गेटवर बसायला लागला. तिथे त्याला काठी द्यायला लागले तर त्याने घेतली नाही, म्हणाला, काठीलाबी मनाई हाय. सगळे हसले. दोन हजार सालानंतर तो गेला, आणि तोवर त्याने एकही डोळा बांधला नाही. पण त्या सगळ्याच्या आधीचा तो एक दिवस सांगायचा राहिला आहे.

कोर्टात न्यायाधीशसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

बा म्हणाला, "चाकू माझाच हाय, साहेब. डोळे बांधायचा."

"ते विचारलं नाही. कबूल आहे की नाही?"

बाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते. मी मान हलवली.

"कबूल," बा म्हणाला.

साहेबांनी कारकुनाला हुकूम सांगितला. दंड. कोर्ट उठेपर्यंत कैद. मुद्देमाल, एक चाकू, अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करण्यात यावा. साहेब हळू बोलत होते, बा कठड्यात होता आणि पंखा खडखडत होता. बाला फक्त दंड आणि कैद एवढंच कळलं असेल. मला सगळं कळलं. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

बाला मागच्या बाकावर बसवलं. शिक्षा म्हणजे एवढंच, उठायचं नाही. तो टोपी मांडीवर ठेवून बसला आणि मला बघून हसला. त्याचा चेहरा इतक्या वर्षांत असा मोकळा दिसला नव्हता. दुपारी मी त्याला चहा नेऊन दिला तेव्हा त्याने सदऱ्याच्या खिशातून तेलाची बाटली आणि फडकं काढून दाखवलं. "आणलंय," म्हणाला. "हितंच साफ करून घेतो. यंदा जंबेरीची रोपं चांगली हायेत म्हणं परतूरकडं." मी कप घेऊन परत आले आणि कोणाचातरी वारसाचा अर्ज टाइप केला, त्यात सहा चुका केल्या. सांगायला सहा तास होते. दर तासाला मी दारापर्यंत जायचे आणि तो बसलेला दिसला की परत यायचे.

साडेपाचला साहेब उठले. शिपायाने बाला म्हटलं, जा, झालं. बा उठला, गुडघे चोळले आणि सरळ मुद्देमालाच्या खोलीकडे गेला. मी मागोमाग गेले.

"साहेब, आमची वस्तू," बा म्हणाला. बाटलीचं झाकण त्याने आधीच सैल केलं होतं.

कारकुनाने वर बघितलं, मग माझ्याकडे. "हुकूम ऐकला नाही का? चाकू नष्ट करायचाय."

"नष्ट म्हंजे?" बाने मला विचारलं.

"मोडणार, बा."

"पर मी तर कबूल केलं."

"कबूल केलं म्हणूनच," कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. इतकी वर्षं बाला ओळखत होता, त्यालाही ते बोलताना जड गेलं. "सुटला असतास तर परत मिळाला असता."

बा माझ्याकडे बघत राहिला. तो रागावेल, काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने हळूहळू बाटलीचं झाकण परत घट्ट केलं.

"मंग ती चिठ्ठी तरी द्या, साहेब," तो म्हणाला. "पोरीच्या हातची हाय."

कारकुनाने फाईल उघडली, पानं उलटली. मला माझं अक्षर लांबूनच दिसलं. वर लाल पेनाने नंबर टाकला होता, कोपऱ्यात शिक्का होता. "ती पुराव्याला लागलीय, बाबा. फायलीबरोबर रेकॉर्डला जाईल. तिला काही होत नाही, राहील ती."

"राहील ना?"

"राहील."

"मंग बरं हाय," बा म्हणाला. "जपून ठिवा."

आम्ही स्टँडवर आलो. जीप भरायची होती. बा माझ्या शेजारी बसला, सवयीने त्याचा हात खिशावर गेला आणि बाटलीला लागला. त्याने ती काढून माझ्या हातात दिली.

"मायला दे," म्हणाला. "मशीनला व्हईल."